कापूस मोंढ्याचा, जहाज कुणाचे?

लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे मुंबईच्या समुद्रापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. त्यामुळे आगबोटी, गोद्या, जहाजाचे भाडे हे विषय आपले नाहीत, कोकणातल्या किंवा मुंबईच्या लोकांचे आहेत, असे मराठवाड्यात सहज धरून चालतात. ही समजूत कधीच खरी नव्हती. गेल्या शतकाच्या सुरुवातीला नांदेडच्या मोंढ्यात आलेल्या रुईचा भाव नांदेडात ठरत नसे. तो लिव्हरपूलमध्ये ठरे, पुढे जपानी गिरण्यांच्या मागणीवर ठरू लागला. त्या भावातून जहाजाचे भाडे, विमा, मुंबईच्या गोदीचा खर्च, रेल्वेचे भाडे, हमाली, निजामाच्या हद्दीवरची करोडगिरी आणि अडत्याची अडत अशी एकेक वजाबाकी होत जाई. शेवटी उरेल ते शेतकऱ्याचे. या वजाबाकीतले हमाली आणि अडत हे आकडे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत. जहाजाच्या भाड्याचा आकडा मात्र ज्यांच्या हाती होता, ती माणसे त्याने कधी पाहिलीच नाहीत. म्हणून माणसे आणि माल समुद्रापार नेणारी कंपनी कशी उभी राहते, कशी वाढते आणि कशी बुडते, हे समजून घेण्याची गरज मुंबईइतकीच लातूरलाही आहे.

या वाहतुकीची पहिली अडचण समुद्रावर नव्हती, रुळांवर होती. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ती मीटरगेज होती आणि मनमाडला मुंबईची लाइन ब्रॉडगेज. म्हणजे नांदेडची प्रत्येक गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. लातूरची गोष्ट याहून वेगळी. १८९५ मध्ये लंडनला नोंदवलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीने एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे अडीच फूट रुंदीची छोटी लाइन टाकली. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे एक फाटा पंढरपूरला गेला, दुसरा येडशी-तडवळ्यावरून निजामाच्या मुलखात शिरून १९११ मध्ये लातूरला पोचला आणि १९२७ मध्ये लाइन मिरजेला भिडली. एकूण लांबी दोनशे मैलांच्या वर. लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरे. पाठीवर गाठ घेतलेला हमाल नॅरोगेजच्या बुटक्या डब्यातून निघून फळीवरून ब्रॉडगेजच्या उंच डब्यात चढे आणि तीच गाठ मुंबईच्या गोदीत पुन्हा एकदा उतरे. प्रत्येक उतरवणीत पैसा, वेळ आणि थोडा माल खर्ची पडे. वाहतुकीच्या धंद्यात चाक फिरते तेव्हा पैसा मिळतो. माल उतरतो-चढतो तेव्हा पैसा जातो. रेल्वे असो वा जहाज, हा हिशेब बदलत नाही.

याच बार्शी लाइटच्या वाढीशी जहाजधंद्यातले सर्वांत मोठे मराठी मुलखातले नाव जोडलेले आहे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या सावकारी-व्यापारात न रमता लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेचे कंत्राटदार झाले आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत या छोट्या लाइनच्या विस्ताराचे काम होते. लाइन टाकणे हे मजूर, माती आणि मुदत यांचे गणित. पण ती चालवायची तर रोज कुठून किती माल येणार हे आधी ठाऊक असावे लागते. पुढच्या आयुष्यात त्यांनी समुद्रावर जी लढाई दिली, तिचा सगळा भर या दुसऱ्या प्रश्नावर राहिला.

२७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे तिचे प्रमुख प्रवर्तक. अवघ्या काही दिवसांत, ५ एप्रिलला, कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून प्रवासी घेऊन लंडनकडे निघाले. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र नवे नव्हते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने १८९१ मध्ये व्हँकुव्हर ते जपान-हाँगकाँग मार्गावर आणलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ती हीच. ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात ती रुग्णालय-जहाज म्हणून विकत घेतली आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. युद्ध संपल्यावर ती त्यांच्याकडून या मंडळींनी घेतली, आणि त्यांच्या शिंदे, म्हणजे सिंदिया, घराण्याचे नावच कंपनीला मिळाले. पहिल्या फेरीचा इतका गौरव होतो, पण तीनचार वर्षांत, १९२३ मध्ये, हे जहाज भंगारात निघाले, हे सहसा सांगितले जात नाही. कंपनी जगली ती ‘लॉयल्टी’मुळे नव्हे, लंडनमध्ये पॅलेस शिपिंग कंपनीकडून घेतलेल्या सहा साध्या मालवाहू बोटींमुळे. प्रवासी जहाजाने नाव मिळवून दिले, पोट भरले ते मालाने.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. जहाज विकत घेणे हा या धंद्यातला सर्वांत सोपा भाग आहे. पैसा असेल तर जहाज आठवड्यात मिळते. मिळत नाही ती हमीच्या मालाची खात्री आणि त्या मार्गावर चालण्याचा हक्क. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सिंदियाच्या पंचवीस वर्षे आधीचा आहे, आणि तो कापसाचाच आहे. मुंबईहून जपान-चीनला जाणाऱ्या मालावर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची पकड होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-जपान मार्ग उघडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाली. पी अँड ओने लगेच दर पाडले. टनाला बारा रुपये मागणाऱ्या टाटांपुढे त्यांनी दीड रुपयापर्यंत भाडे खाली आणले. टाटांनी भाड्याने घेतलेली जहाजे तोट्यात गेली, माल देणारे व्यापारी एकेक करून पलीकडे वळले आणि टाटा लाइन बंद पडली. पण जपानी कंपनी त्याच मार्गावर, त्याच दरांशी, त्याच शत्रूशी लढून टिकली. फरक कशात होता? जपानच्या सूतगिरण्यांच्या संघाने कापूस फक्त आपल्याच कंपनीच्या जहाजांतून आणण्याचा लेखी करार केला होता. दर कितीही पडोत, गाठी हलणार नव्हत्या. १८९६ मध्ये तिथल्या सरकारने जहाजधंद्याला अनुदानाचा कायदाही केला. ती कंपनी आज जगातल्या मोठ्या जहाज कंपन्यांत मोजली जाते. टाटांची हिंमत कमी पडली असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पाठीशी बांधील माल नव्हता, एवढेच.

व्यापारी पलीकडे का वळले, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. कारण त्यांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी १८७५ पासून कलकत्ता मार्गावर आपसांत संघ बांधला आणि थोड्याच दिवसांत उशिरा मिळणाऱ्या परताव्याची पद्धत आणली. सहा महिने सगळा माल संघाच्याच जहाजांतून पाठवला तर भरलेल्या भाड्यापैकी साधारण दहा टक्के परत मिळत. पण लगेच नाही, पुढचे सहा महिनेही निष्ठा राखली तरच. एखाद्या महिन्यात स्वस्त दिसले म्हणून शंभर गाठी दुसऱ्या बोटीत टाकल्या, की साचलेला सगळा परतावा बुडाला. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा त्याच्याविरुद्ध ओलीस ठेवला जाई, आणि ही मुदत कधी संपतच नसे, कारण प्रत्येक सहामाहीमागे नवी सहामाही उभी. नव्या कंपनीने अर्ध्या दरात माल मागितला तरी व्यापारी आधी बुडणाऱ्या परताव्याचा हिशेब करी. सक्ती, मारहाण, कायदा, काही लागत नसे. वहीतला एक आकडा पुरे. या संघांची चौकशी करायला ब्रिटनमध्येच शाही आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १९०९ मध्ये आला. तरीही पद्धत सुरूच राहिली.

प्रवाशांच्या बाबतीत हेच शस्त्र अधिक उघडपणे वापरले गेले. १९०६ मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि तुतिकोरिन-कोलंबो या छोट्या, पण माणसे आणि माल दोन्हींनी गजबजलेल्या मार्गावर बोटी आणल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकीट रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने आठ आणे केले. तेव्हा ब्रिटिश कंपनीने प्रवाशांना फुकट नेण्याची तयारी दाखवली आणि वर छत्री भेट देऊ केली. १९०८ मध्ये पिळ्ळै यांना अटक होऊन जबर शिक्षा झाली आणि १९११ मध्ये कंपनी मिटली. ज्यांच्याकडे कलकत्ता, रंगून, आखात, आफ्रिका अशा डझनभर मार्गांचे उत्पन्न आहे, ते एका मार्गावर वर्षभर फुकट बोटी चालवू शकतात. ज्याच्याकडे एकच मार्ग आहे, त्याला एक पावसाळाही काढता येत नाही. त्याच पट्ट्यातली अलीकडची फेरी हेच सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिणम ते श्रीलंकेतील कांकेसन्तुराई ही बोट सुरू झाली, हवामानामुळे थोड्याच दिवसांत थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. केवळ प्रवाशांवर चालणारी बोट हवामान आणि हंगाम यांच्या दयेवर असते. युरोपातल्या मोठ्या फेरी कंपन्या वाढल्या त्या वरच्या मजल्यावर प्रवासी आणि खालच्या मजल्यावर भरलेले ट्रक अशी बोट वर्षभर चालवता आली म्हणूनच. ट्रक चाकांवर आत येतो, चाकांवर बाहेर जातो; उतरवणी-चढवणीचा खर्चच उरत नाही.

सिंदियापुढे हे सगळे अनुभव होते. कंपनीने रंगूनच्या तांदळाच्या वाहतुकीत शिरकाव केला तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दर निम्म्याच्याही खाली आणले आणि मग सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. वालचंदांनी विक्रीला विरोध केला. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला: सिंदियाने ७५ हजार टनांच्या पुढे जहाजे वाढवायची नाहीत, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन एवढ्या किनाऱ्यापुरता माल न्यायचा, प्रवासी घ्यायचे नाहीत. ज्या कंपनीचे पहिले जहाज लंडनला प्रवासी घेऊन गेले होते, तिला चार वर्षांत प्रवासी आणि लंडन दोन्ही सोडावे लागले. अनेकांनी याला शरणागती म्हटले, आणि करार अपमानाचा होता यात शंका नाही. तरीही माझ्या मते तो कंपनीच्या वाढीतला सर्वांत शहाणा निर्णय होता. बदल्यात सिंदियाला किनारी संघात जागा मिळाली, म्हणजे दरांची लढाई थांबली आणि ठरलेला माल हाती आला. टाटा आणि पिळ्ळै यांना जे मिळाले नव्हते, ते अरुंद का होईना, मिळाले. आणि मग कंपनीने लढाई गोदीतून विधिमंडळात नेली. सरकारनेच नेमलेल्या हेडलम समितीने किनारी व्यापार राखून ठेवण्याची शिफारस केली, १९२७ मध्ये खलाशी अधिकाऱ्यांसाठी ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज मुंबईत सुरू झाले, आणि १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखण्याचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आणले. ते संमत झाले नाही, पण मागणी मुंबईच्या चार व्यापाऱ्यांची न राहता देशाची झाली.

प्रवासी वाहतुकीत सिंदिया पुन्हा शिरली ती हजच्या मार्गावर, १९३७ मध्ये, ‘अल मदिना’ आणि ‘अल हिंद’ या जहाजांनी. मुंबई-जेद्दा मार्गावर १८७७ पासूनची बाँबे अँड पर्शिया कंपनी, म्हणजेच पुढची मोगल लाइन, ठाण मांडून होती. पुन्हा तीच दरांची लढाई झाली. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद-नांदेड पट्ट्यातून निघणारे यात्रेकरू मनमाडमार्गे मुंबईला येत, म्हणजे ज्या लाइनवर नांदेडच्या गाठी येत, त्याच लाइनवर हाजीही येत. यात्रेची वाहतूक मोठी आकर्षक दिसते, कारण गर्दी प्रचंड असते. पण ती एका हंगामात एका दिशेने असते. जेद्दाला भरलेले जहाज परतताना रिकामे, आणि काही आठवड्यांनी नेमके उलटे. बार्शी लाइटलाही आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे डबे अपुरे पडत, आणि तरी वर्षभराचा खर्च निघायचा तो कापूस, धान्य, गळिताची बी यांच्या भाड्यावर. गर्दीवर कंपनी मोठी दिसते, मोठी होत नाही. १९६० नंतर सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनकडे आलेली मोगल लाइन १९८६ मध्ये तिच्यात विलीन झाली आणि १९९५ मध्ये मुंबईहून समुद्रमार्गे हज बंद झाले. विमानाने प्रवासी नेले, आणि खाली माल नसलेल्या जहाजांना दुसरा आधार नव्हता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. दर पडले तर बिघडले काय? शेतकऱ्याची वजाबाकी कमीच झाली ना? मालकाचा रंग पाहण्यापेक्षा भाडे पाहावे. याचे उत्तर खेड्यातल्या वडापवाल्यालाही ठाऊक आहे: नव्या जीपवाल्याला हुसकण्यापुरते तिकीट उतरते, तो गेला की चढते. जहाजांत हे अधिक तीव्र होते, कारण नवा येणारा दहा-वीस वर्षांत एखादाच. टाटा लाइन बंद पडल्यावर दीड रुपयाचा दर कुणी चालू ठेवला नाही. स्पर्धेचा फायदा ग्राहकाला तेव्हाच मिळतो, जेव्हा दुसरा स्पर्धक दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. म्हणून देशी कंपनी जगवण्याचा आग्रह हा भावनेचा नव्हता, भाड्याचाच होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. स्वातंत्र्यानंतर सगळे मिळाले, मग काय झाले? १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या समितीने किनारी व्यापार शंभर टक्के आणि दूरच्या व्यापाराचा निम्मा भाग भारतीय जहाजांकडे यावा असे लक्ष्य ठेवले. किनारी व्यापार राखीवही झाला. सिंदियाने ‘जलआझाद’ आणि ‘जलजवाहर’ ही प्रवासी जहाजे परदेशी मार्गावर आणली, विशाखापट्टणमच्या तिच्या गोदीत बांधलेल्या ‘जलउषा’चे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी केले, आणि १९५२ मध्ये ती गोदी सरकारकडे गेली. पुढे सुमती मोरारजींनी कंपनी सांभाळली. तरीही १९८० नंतर सिंदिया कर्जात रुतली आणि संपली. मग संरक्षणाचा उपयोग काय, असे विचारले जाते. मला वाटते, संरक्षणाने बाजार दिला, पण तोवर धंद्याचे तंत्र बदलले होते. गाठी, पोती, पिंपे वेगवेगळी चढवणारी जहाजे कालबाह्य झाली आणि एकाच मापाचा लोखंडी कंटेनर आला. कुर्डुवाडीच्या हमालाने जो खर्च पाठीवर वाहिला, तोच खर्च कंटेनरने जगभरातून पुसून टाकला. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथे येणारी कंटेनरची मोठी जहाजे बहुतेक परदेशी होती. हमीचा माल नसलेली कंपनी मरते हे खरे. पण माल आहे म्हणून आळसावलेली कंपनीही मरते, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, आणि दुसऱ्यामुळे पहिले खोटे ठरत नाही.

लातूरच्या लाइनचे नॅरोगेज जाऊन २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज पूर्ण झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली ती याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेने, मध्ये कुठेही उतरवणी न करता. माल बदलला आहे. कापसाची जागा बऱ्याच अंशी सोयाबीनने घेतली. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीला, म्हणजे डीओसीला, परदेशात मागणी किती यावर सोयाबीनचा भाव हलतो. लातूरच्या डाळमिलांसमोर म्यानमार आणि मोझांबिकची तूर समुद्रातूनच येते, आणि ती मुंबईला किती रुपयांना पडते यावर इथल्या तुरीचा दर झुकतो. भारताच्या परदेशी व्यापारातला भारतीय जहाजांचा वाटा १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे चाळीस टक्के होता. आज तो दहा टक्क्यांच्याही आत आहे. २०२१ मध्ये कंटेनर मिळेनासे झाले, काही मार्गांवर भाडे पाचपटीच्या वर गेले, तेव्हा देशातल्या निर्यातदारांना माल गोदामात ठेवून वाट पाहण्याखेरीज पर्याय राहिला नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. तिथवर जाणाऱ्या रस्त्यांची आणि रुळांची चर्चा मराठवाड्यातही होईल, व्हायलाच हवी. त्या चर्चेत धक्क्याच्या लांबीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत: तिथे लागणाऱ्या जहाजांपैकी किती आपल्या कंपन्यांची असतील, आणि पेंड, तूर, साखर, रुई यांच्या निर्यातदार-आयातदारांनी जपानी गिरण्यांसारखा एकत्र येऊन वर्षाच्या मालाचा करार त्यांच्याशी करायची तयारी कोण घडवून आणणार. पहिला प्रश्न दिल्लीचा आहे. दुसरा लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या मोंढ्यात बसूनही सोडवता येतो.